तिघांचा फोटो काढू नये

१

रविवारी आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या असायच्या. सकाळी बाळकुमची ठमाबाई मासळीची पाटी घेऊन दाराशी यायची, आणि दुपारची जेवणं उरकली की आमचे हे कॅमेऱ्याचं कपाट उघडायचे.

कॅमेरा म्हणाल तर एकच. रशियन, तोही सेकंडहँड, आणि त्याचा सेल्फ टायमर घेतला त्या दिवसापासून अडकलेला. पण त्याचा गोतावळा बघावा! घरात सून एक यावी आणि मागून तिचं अख्खं माहेर राहायला यावं, तसं. स्टँड आला, फ्लॅश आला, फ्लॅशची दांडी आली, लेन्सला उन्हाची टोपी आली. एक काच अशी, की निरांजनाच्या ज्योतीला सहा टोकं फुटायची. दुसरी अशी, की सासूबाईंच्या हनुवटीवरचा तीळ वाटाण्याएवढा दिसायचा. कंपनीतलं कोणी मस्कतला निघालं की यांचं काहीतरी मागणं त्याच्या गळ्यात. वागळे इस्टेटला ड्राफ्ट्समन होते ना. वस्तू आली की आधी तिचे आटे तपासायचे, मग ती लावून, काढून, उलटी लावून बघायची. जेवणखाण सुचायचं नाही.

आणि ही सगळी ट्रायल कोणावर? सासूबाईंवर आणि माझ्यावर. चरईतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघी हक्काच्या. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे तिसरं गिऱ्हाईक नव्हतं.

"वासंती, जरा उजेडाकडे तोंड कर. आई, तू हसू नकोस, दात नाहीत ते दिसतं."

"दात नाहीत म्हणून हसायचंही नाही का रे मेल्या? मग बोळक्याचं करू काय?" सासूबाई म्हणायच्या आणि मुद्दाम तोंड भरून हसायच्या. तोच फोटो सगळ्यात चांगला यायचा.

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर यांच्या छातीत दुखायला लागलं. जिना चढताना मधेच थांबायचे आणि मला दाखवायचे, जणू खिशात किल्ली शोधतायत. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, बायपास करावी लागेल. तोवर धावपळ नको, दगदग नको, जिभेखाली ठेवायची गोळी कायम जवळ.

त्या संध्याकाळी मी आमचे सगळे अल्बम काढून बसले. तलावपाळीवर मी, येऊरला मी, पापड लाटताना सासूबाई, पापड वाळत घालताना सासूबाई. हे कुठेच नाहीत. एका फोटोत खाली मातीवर यांची सावली पडलेली होती, तेवढीच. उद्या काही बरंवाईट झालं तर भिंतीवर लावायला काय, तर कंपनीच्या पासावरचा तो चोरासारखा फोटो?

मी स्पष्टच बोलले. "अहो, मला तुमचा आमच्याबरोबर एक धड फोटो हवाय. ऑपरेशनच्या आधी. कसा काढायचा ते तुम्ही बघा."

"एवढंच ना?" हे म्हणाले, आणि चेहरा असा काही खुलला. नवीन वस्तू घ्यायला बायकोनेच सांगितलं, असं लग्नानंतर पहिल्यांदा झालं होतं.

२

वस्तू आली ती म्हणजे एक लांबच लांब काळी रबरी नळी. एका टोकाला मुठीत मावेल असा रबरी फुगा. दुसऱ्या टोकाला आटे, ते कॅमेऱ्याच्या बटणावर बसवायचे. फुगा दाबला की नळीतून हवा जाते आणि तिकडची सुई बटण दाबते. आपण फोटोत, आणि फुगा मुठीत. धावायला नको की पळायला नको.

सकाळभर ट्रायल चालली. स्वयंपाकघरातून फुगा दाबून झाला, गॅलरीतून झाला. शेवटी मोरीचं दार लावून आतून दाबला आणि ओरडले, "वाजलं का गं?"

"वाजलं! आता बाहेर या, लोक काय म्हणतील!"

चार वाजता ऊन हॉलमध्ये आलं तेव्हा यांनी तीन खुर्च्या ओळीने मांडल्या. एकीकडे सासूबाई, एकीकडे मी, मधे हे. फुगा मांडीआड लपवला. आणि सासूबाई एकदम उठल्या.

"नको रे बाबा. तिघांचा फोटो काढू नये."

"का?"

"मधला जातो."

"झालं सुरू," हे हसले. "तीन तिगाडा, काम बिगाडा. आई, अगं मधला म्हणजे..." आणि बोलता बोलता थांबले. मधे तेच बसले होते.

सासूबाईंची ही रीतच होती. तिघं बाहेर निघालो की कोणाच्या तरी खिशात एक खडा टाकायच्या, चौथा म्हणून. पानात तीन पोळ्या वाढायच्या झाल्या तर चौथीचा तुकडा ठेवायच्या. आता म्हणाल्या, "सुपारी आण गं. कोणाच्या तरी मांडीवर ठेवू, चौथी म्हणून. मग दोष नाही."

डब्यात सुपारी नव्हती. ऊन सरकत होतं, हे दमायला लागले होते, आणि मी वैतागले. मी शाळेत सायन्स शिकवते. घरात सुपारीवाचून फोटो अडतोय म्हणजे काय! आतून लोखंडी घडीची खुर्ची ओढत आणली, त्याच आठवड्यात शिवलेली उशी तिच्यावर टाकली आणि माझ्या शेजारी उघडून ठेवली.

"हे घ्या चौथं माणूस. बसा हो बाई. संकोच करू नका, घर आपलंच आहे."

हे खो खो हसले. सासूबाई नाही हसल्या. "वासंती, सुपारी नुसती ठेवायची असते. बोलावणं नाही करायचं."

"बरं, आता बोलावलंय ना? काढा फोटो."

खट् झालं. मी चहा ठेवायला उठले आणि पदर मागे ओढला गेला. शेजारचीने त्यावर बसावं आणि आपण उठावं, तसा. लग्नकार्यात हे शंभर वेळा होतं. सवयीने माझ्या तोंडून गेलं, "जरा उठता का?"

पदर सुटला. मी मान वळवून खुर्चीच्या बिजागरीकडे बघितलं. तिच्यात अडकला असणार, दुसरं काय?

३

फोटो धुऊन आले तेव्हा मी आधी रडले. किती छान आले होते हे! पांढरा शर्ट, फुगा दाबताना ओठ किंचित आवळलेले, डोळ्यांत कसली तरी चोरटी मजा. मी तो फोटो छातीशी धरला. एक काम तरी झालं, असं वाटलं.

मग नीट बघितलं. माझ्या पदराचं टोक चौथ्या खुर्चीच्या उशीवर पडलेलं होतं, पण नुसतं पडलेलं नव्हतं. सपाट होतं, आणि माझ्या खांद्यापर्यंत ताणलेलं. उशी मधे दबली होती. तिच्यात मी पिंजलेला नवा कापूस ठासून भरलेला. एकदाही कोणी तिच्यावर बसलं नव्हतं.

यांनी भिंग लावून बघितलं. "उशी उलटी ठेवलीस तू. कापूस एका बाजूला गेला." मग म्हणाले, "पण तू अशी माझ्या अंगावर का रेललीस? एस्टीत तिसऱ्या माणसाला जागा करून द्यावी तशी?"

मला आठवेना. फोटोत मात्र मी यांना अगदी चिकटून बसले होते, आणि माझ्या त्या बाजूला खुर्चीपर्यंत चांगली जागा मोकळी होती.

त्यानंतर दुपारी घर शांत झालं की ती खुर्ची वाजायची. लोखंड थंडीने आकसतं, उन्हाने पसरतं, आठवीच्या पुस्तकात धडा आहे. मी तो धडा मनातल्या मनात म्हणायचे. पण कर्रर्र असा एक आवाज व्हायचा, मग जरा थांबून दुसरा, बारीक. जड माणूस आधी टेकतं आणि मग मागे रेलून बसतं, तसा क्रम. पसरणाऱ्या लोखंडाला असा क्रम का असावा, ते धड्यात नव्हतं.

एका रविवारी हे दिवाणावर झोपले होते. सासूबाई आणि मी आतल्या खोलीत आडव्या झालो होतो. कॅमेरा स्टँडवर तसाच राहिलेला, चावी दिलेला, फुगा भिंतीशी खुर्चीच्या उशीवर. आतून मला खट् ऐकू आलं. बाहेर येऊन बघितलं तर हे घोरत होते आणि सगळं जागच्या जागी होतं.

रोल धुऊन आला त्यात तो फोटो होता. दिवाणावर हे झोपलेले, तोंड उघडं, एक हात खाली लोंबणारा. आणि लोखंडी खुर्ची भिंतीशी नव्हती. दिवाणाला अगदी खेटून होती. आजारी माणसापाशी कोणी बसायला आलं की ओढून घेतात, तशी.

"आई बसली असेल," हे म्हणाले. "फुगा तिच्याखाली आला."

"मी आत होते बाबा. हिच्या शेजारी," सासूबाई म्हणाल्या. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी फोटो पाकिटात घातला आणि भांडी घासायला घेतली. मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकलीच. कोणी उशाशी बसतं ते सोबतीला बसतं, नाहीतर न्यायला बसतं. ही कशाला बसली होती?

४

ठमाबाईने पाटी दारात उतरवली, फडकं बाजूला केलं आणि न विचारता चार बांगडे काढून ठेवले.

"तीन पुरेत गं," मी म्हटलं.

"चौघां हाव ना तुमी?"

"तिघं. आम्ही तिघंच तर आहोत."

ठमाबाईने माझ्या खांद्यावरून आत बघितलं. तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं. "आन ती बसलीय ती? ती मावरा खात नाय का?"

मी गर्रकन वळले. सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या, हे खाली पेपर आणायला. हॉलमध्ये खुर्ची तेवढी होती, दाराकडे तोंड करून. पुन्हा ठमाबाईकडे बघते तर ती फडकं झाकत होती. "ऱ्हाव दे गो बाय, तीन तं तीन," म्हणाली आणि नेहमीसारखी शेजारच्या दारात जाऊन बसली.

माझी पाचावर धारण बसली. कसलं सायन्स आणि कसलं काय! मी ती खुर्ची धरली आणि मिटायला लागले. मिटेना. गुडघा लावून, दात-ओठ खाऊन शेवटी मिटली. स्टुलावर चढून तिला माळ्यावर टाकली, पुढे जुनी ट्रंक लावली. जळ्ळं मेलं लक्षण, जाऊ दे एकदाचं.

संध्याकाळी चहा पिता पिता यांच्या हातातली बशी खाली पडली. चेहरा घामाने डबडबला. बोलता येईना. मी गोळी जिभेखाली ठेवली, दिवाणावर झोपवलं. सासूबाई पायाशी बसून तळवे घासायला लागल्या, मी उशाशी बसून वारा घालत होते. ओठ निळे पडत चालले होते.

सासूबाईंनी एकदम मान वर केली. हॉलभर बघितलं. "वासंती, चौथी खुर्ची कुठे गेली?"

मी त्यांच्याकडे बघितलं. पायाशी त्या. उशाशी मी. मधे हे.

मी कशी स्टुलावर चढले, ट्रंक कशी ढकलली, मला आठवत नाही. खुर्ची खाली आणली, दिवाणाशेजारी उघडली, उशी ठेवली. हात जोडले. "बसा. चुकलं हो माझं. बसा, जाऊ नका."

कर्रर्र झालं. मग जरा थांबून तो दुसरा, बारीक आवाज.

थोड्या वेळाने यांच्या ओठांवर रंग आला. डोळे उघडून म्हणाले, "बशी फुटली का गं?" सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. गोळीचा गुण यायला तेवढा वेळ लागतोच, हे मला ठाऊक आहे. सायन्सच्या बाईला ठाऊक असणारच. पण त्या दिवसानंतर माझी भीती पार उलटी झाली. खुर्ची वाजली की जीव भांड्यात पडायचा. वाजली नाही की मी काम सोडून बाहेर यायचे.

५

ऑपरेशनसाठी निघायच्या आदल्या दिवशी यांनी पुन्हा चौघांचा फोटो काढला. यांच्या लेखी चौथी म्हणजे अजून आईची समजूत आणि बायकोची मस्करी. फोटो काढून झोपले. नळी स्टँडपासून जमिनीवर तशीच पसरलेली होती. मी दिवाणाला टेकून खाली बसले, फुगा उगाच हातात घेतला, आणि माझा बांध फुटला. आवाज होऊ नये म्हणून पदर तोंडात कोंबला होता.

तेव्हा तो फुगा माझ्या तळहातात हलला. अगदी हळू. फुगला, थांबला, पुन्हा फुगला. हवा इकडून तिकडे जाते तशी तिकडून इकडेही येते, तिकडची सुई कोणी बोटाने आत ढकलली तर. कोणीतरी ढकलत होतं. हळूहळू, तालात, लेकराला थोपटावं तसं.

मी कॅमेऱ्याकडे बघितलं नाही. तेवढं धैर्य नव्हतं. पण फुगाही सोडला नाही. थोपटणं चालू होतं तोवर रडत बसले, मग डोळे पुसून भाजी चिरायला उठले.

हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरबाहेर बाक होता. सासूबाई आणि मी त्यावर बसलो. आपसात काही ठरलं नव्हतं, पण मधे एका माणसाची जागा सोडून बसलो होतो. गर्दी फार. एक बाई येऊन म्हणाली, "इथे कोणी बसलंय का?"

"हो," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, चांगलं झालं. सासूबाईंनी डॉक्टरांना नमस्कार केला, मग वळून बाकाला केला. डॉक्टरांना वाटलं, म्हातारी भांबावली आहे.

६

माणसाला कशाचीही सवय होते. हे बरे झाले, कामावर जायला लागले, आणि कपाट पुन्हा रविवारी उघडायला लागलं. चौथी खुर्ची हॉलमध्येच राहिली. पाहुणे आले तरी मी तिच्यावर कोणाला बसू द्यायचे नाही. "तिचा पाय मोडका आहे" म्हणायचे.

हे माझी थट्टा करायचे. "तुझ्या मैत्रिणीला विचार, फ्लॅश डोळ्यांवर येतो का तिच्या." मी म्हणायचे, "विचारलं. ती म्हणते, तुमच्यापेक्षा तुमचा स्टँड बरा, गप्प उभा तरी राहतो." सासूबाई तर दुपारी खुर्चीसमोर पाय पसरून बसायच्या आणि तांदूळ निवडता निवडता तिला सगळं सांगायच्या. शेजारच्या लग्नात जेवण कसं गिळगिळीत होतं, सूनबाईची जीभ कशी तिखट आहे, पण मनाने बरी आहे. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. मला वाईट वाटायचं नाही. घरात एक वडीलधारं जास्त आहे, एवढंच वाटायचं.

त्र्याण्णव साली सासूबाई अंथरुणाला खिळल्या. चांगल्या पिकून, भरल्या घरात चालल्या होत्या; दुःख होतं, पण तक्रार नव्हती. एका सकाळी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"मी गेले की तिघं उराल गं."

"दोघं, आई. हे आणि मी."

त्यांनी मान हलवली. खुर्चीकडे बघितलं. "तिघं," म्हणाल्या, आणि पेज नको म्हणून तोंड फिरवलं.

सासूबाई गेल्या, आणि महिना उलटला नाही तोच यांचा हात पुन्हा छातीवर जायला लागला. तपासण्या झाल्या, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे. मी डबाभर सुपाऱ्या आणल्या, कोपऱ्याकोपऱ्यात ठेवल्या, यांच्या खिशात खडा टाकला. तरी हे जिन्यात थांबायचे आणि किल्ली शोधायचे. किल्ली माझ्या पर्समध्ये असायची.

खुर्ची उचलून पुन्हा माळ्यावर टाकायची, असं मनात आलं नाही असं नाही. पण पूर्वी तिला हाकललं तेव्हा काय झालं ते मी बघितलं होतं. आणि खरं सांगू? मला ते बरंही वाटेना. यांच्या उशाशी रात्रंदिवस बसलेलं माणूस, काम झालं म्हणून बाहेर काढायचं?

७

चौऱ्याण्णवला हे रिटायर झाले आणि नवा कॅमेरा घेतला. बरोबर काडेपेटीएवढी एक डबी होती. नळी नाही, फुगा नाही, तार नाही. बटण दाबलं की लांबून फोटो निघतो. लहान मुलासारखे नाचत होते.

"वासंती, ये! पहिला फोटो आपला!"

मी हात पुसत बाहेर आले तर यांनी ओळीने मांडामांड केलेली. इकडे माझी वेताची खुर्ची. तिकडे लोखंडी. मधल्या वेताच्या खुर्चीत हे स्वतः बसलेले, हातात डबी.

"मी मधे, तू इकडे. तुझी मैत्रीण तिकडे. बरोबर?"

"उठा तिथून."

"का गं?"

"उठा म्हणते ना! तुम्ही मधे बसायचं नाही. मी बसते."

एरवी हे हसले असते. आज नाही हसले. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले, आणि मला कळलं, यांना सगळं ठाऊक आहे. किती वर्षांपासून, कोण जाणे. थट्टा करत होते ती माझी भीती कमी व्हावी म्हणून.

"नाही," हे म्हणाले. "तू मधे नाही बसायचंस."

"अहो, माझं हृदय ठणठणीत आहे. मला काय धाड भरलीये?"

"म्हणूनच नाही. तू गेलीस तर मी काय करू? तुझ्याशिवाय मला चहाची पत्ती सापडत नाही घरात."

"डाव्या फळीवर, निळ्या डब्यात आहे. सरका!"

मी यांचा दंड धरून ओढलं. हे उठले ते मला बाजूला सारायला. भरदुपारी, साठीला आलेली दोन माणसं, एका खुर्चीवरून भांडत होतो. हे माझं मनगट सोडेनात, मी यांचा शर्ट सोडेना. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "तुमच्या आधी मला जाऊ द्या ना हो," मी म्हटलं, "एवढं ऐका माझं." हे म्हणाले, "गप्प बस," आणि यांचाही आवाज फाटला.

तेव्हा वेत वाजला.

आम्ही दोघंही उभे होतो. मधल्या खुर्चीचा वेत कुरकुरला आणि खाली खचला. बाजूच्या लोखंडी खुर्चीवरची उशी हळूहळू वर आली; आठ वर्षांत पहिल्यांदा ती भरल्यासारखी दिसली.

"मधे बसली ती," हे कुजबुजले.

मी यांच्याकडे बघितलं. काय करायचं ते दोघांनाही कळलं, पण वळेना. पाहुण्याने पाटावर बसून वाट बघावी आणि यजमानांनी उभं राहावं, तसं अवघडल्यासारखं झालं होतं. शेवटी मी माझ्या खुर्चीत बसले. हे पलीकडे, लोखंडी खुर्चीवर, जपून टेकले.

"समोर बघ," हे मला म्हणाले. मी समोर बघत होते, देवाशपथ. पण डोळ्यांच्या कोपऱ्याला कोण सांगणार? माझ्या गुडघ्याला लागून एक गुडघा होता. सुती लुगडं, धुऊन धुऊन रंग गेलेलं, इस्त्री नसलेलं. त्यावर पालथा ठेवलेला एक हात, कामाचा, नखं बारीक कापलेली. त्याच्या वर मी नजर नेली नाही.

डबीचं बटण दाबलं गेलं. खट्.

वेत पुन्हा वाजला, वर आला. यांनी सवयीने छातीवर हात नेला आणि तो तसाच खाली आणला. एक मोठा, पोटापर्यंतचा श्वास घेतला. असा श्वास मी या घरात कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

दाराचा पडदा हलला. मला इतकं भरून आलं, काय सांगू. आठ वर्षं ती बाई आमच्याकडे राहिली, तिला साधं घोटभर पाणी विचारलं नाही कोणी, आणि आता आमच्या वाटणीचं मरण घेऊन एकटी निघाली होती. मी धावत दारापर्यंत गेले. जिन्यात पावलं वाजत होती, अनवाणी, सावकाश, एकेक पायरी उतरणारी.

आणि बाईमाणसाची जन्माची सवय, जीभ काय विचार करते थोडीच? आल्या-गेल्याला दारातून म्हणायचं ते तोंडातून निघूनच गेलं.

"या हं परत."

मागून हे ओरडले, "वासंती!"

जिन्यातली पावलं थांबली.